डोक्याला जड नको, नजरेला दाट नको

विग ओळखू येतो तो बहुधा त्यावर केस जास्त असल्यामुळे. ज्याचे केस गेलेत त्या माणसाला दुकानातल्या आरशासमोर बसल्यावर भरघोस काहीतरी हवंसं वाटतं, त्यात गैर काहीच नाही. विक्रेताही तेच पुढे करतो. घरी आल्यावर मात्र ध्यानात येतं, की पंचावन्न वर्षांच्या चेहऱ्यावर विशीतले केस येऊन बसलेत. हा जाड विग दिवसभर मागे सरकत राहतो. मग तो आवळला जातो, चाप लागतात, टेप येते, आणि जे थोडे केस शिल्लक होते तेच कपाळाच्या कडेने तुटायला लागतात. म्हणून या लेखात आग्रह एकच आहे. विग हलका, विरळ आणि जरा सैल घ्या. तोच खरा वाटतो आणि खालच्या केसांनाही तोच सोसतो.

पण त्याआधी विगची गरज आहे का, हे बघा. बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यापासून केस मुठीने गळतात. टायफॉइड, डेंगी यांसारख्या तापानंतरही दोन-तीन महिन्यांनी तसंच होतं. ही गळती बहुतेकदा आपोआप थांबते आणि केस परत येतात. अशा वेळी भांग बदलणं, केस थोडे आखूड करणं एवढं पुरतं. डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले असतील, म्हणजे चाई असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञ, विग नंतर. केमोथेरपीचं वेगळं. सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत, पण ज्यांनी जातात त्यांत पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांत गळती सुरू होते. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तर केस असतानाच विग निवडा. समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढून ठेवा, कानामागची एक बट कापून कागदात गुंडाळून ठेवा. रंग जुळवायला तिच्याइतकं उपयोगी काही नाही. आणि खर्च झेपत नसेल तर हॉस्पिटलमधल्या वैद्यकीय समाजसेवकांना विचारायला लाजू नका. दान आलेल्या केसांचे विग रुग्णांना विनामूल्य किंवा अल्प दरात देणाऱ्या संस्थांची माहिती त्यांच्याकडे बहुधा असते.

खरेदीला जाताना

बाजारात मुख्य प्रकार दोन, मानवी केसांचे आणि सिंथेटिक. सिंथेटिक काही हजारांत मिळतो, धुतल्यावर त्याची ठेवण जशीच्या तशी परत येते आणि तो वजनाला हलका असतो. रोज वापरला तर चार-सहा महिन्यांत त्याची टोकं राठ होऊन फिस्कारतात. मानवी केसांचा विग त्याच्या कित्येक पट महाग, पण नीट जपला तर वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतो, आणि त्याला हवा तसा भांग पाडता येतो, वळण देता येतं. जगातल्या विगसाठी जाणाऱ्या केसांत तिरुपतीला भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा मोठा वाटा आहे. देवस्थान त्यांचा लिलाव करतं. ज्यात सगळ्या केसांची मुळं एकीकडे आणि टोकं एकीकडे राखलेली असतात त्या मालाला व्यापारात रेमी म्हणतात. हे तपासता येतं. विगमधला एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवा, मग उलटी फिरवा. चांगल्या केसाला उलट्या बाजूने किंचित खरखर लागते. दोन्हीकडून काचेसारखा गुळगुळीत लागला तर त्यावर सिलिकॉनचा थर असण्याची शक्यता आहे. तो थर चार-सहा धुण्यांत जातो आणि मग गुंते सुरू होतात. मानवी केस म्हणून सिंथेटिक विकतायत अशी शंका आली, तर कंगव्यात आलेला एक केस मागून घ्या आणि बाहेर जाऊन काडीने पेटवा. खरा केस जळका वास सोडून राख होतो, बोटांत चुरतो. सिंथेटिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

आतली टोपी कशी आहे हे केसांइतकंच महत्त्वाचं. कपाळाकडे बारीक जाळीवर एकेक केस गाठलेला असेल तर तो लेस फ्रंट. भांगाच्या जागी त्वचेसारखं पातळ कापड असेल तर मोनोफिलामेंट. पट्ट्यांवर शिवलेला साधा विग स्वस्त असतो, हवाही त्यातून खेळते, पण त्याला भांग उघडा ठेवता येत नाही. तो घ्यायचा असेल तर कपाळावर बटा येणाराच घ्या. ज्यांच्या डोक्यावर केसच नाहीत, त्यांना पट्ट्यांची शिवण टोचते. त्यांच्यासाठी आतून मऊ कापड असलेली टोपी बरी.

विगची घनता टक्क्यांत सांगतात. तयार विग बहुधा १३० ते १५० टक्क्यांचे असतात. चाळिशीपुढच्या चेहऱ्याला १०० ते १२० पुरे. मनासारखा न मिळाल्यास थोडा जाड विग घेऊन विगचं काम येणाऱ्या कारागिराकडून विरळ करून घ्या, पण कात्री चालवायची ती विग तुमच्या डोक्यावर असताना. कापलेला केस इथे पुन्हा वाढत नाही, तेव्हा पहिल्या बैठकीत थोडंच कापा.

रंगाचंही असंच आहे, जास्त गडद नको. आपले केस काळे असतात असं आपण म्हणतो, पण उन्हात धरलेला केस तपकिरीकडे झुकतो. शेड-कार्डावरचा १ नंबर म्हणजे ठार काळा. तो घातला की मेंदी-डाय एकत्र लावल्यासारखा चेहरा दिसतो. १बी किंवा २ नंबर बहुतेक मराठी चेहऱ्यांना जातो. पन्नाशीनंतर कानाजवळ चार पांढरे केस असलेला विग मुद्दाम मागा. आणि शेड नेहमी दुकानाबाहेर येऊन, दिवसाच्या उजेडात बघा.

माप साधं आहे. कपाळावरची केसांची रेषा, कानामागून मानेच्या खळीपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत. बायकांचं हे माप बहुधा ५४ ते ५७ सेंटिमीटर भरतं. केस गेल्यावर डोकं थोडं लहान मापाचं होतं, तर लांब केस आत दडपायचे असतील तर माप वाढतं. विगच्या आतल्या पट्ट्यांनी तेवढी सोय होते. तासभर घालून काढल्यावर कपाळावर लाल वळ उठला, तर तो विग घट्ट आहे. कडेखाली एक बोट आरामात सरकायला हवं.

आत काय ठेवाल

विगखाली जाणारे केस कोरडे हवेत, अगदी मुळापर्यंत. सकाळी न्हाऊन घाईघाईने ओल्या केसांवर विग चढवला, की मुंबई-कोकणातल्या दमट हवेत दुपारपर्यंत डोक्याला खाज सुटते, आठवड्यात कोंडा वाढतो आणि मग बारीक फोड येतात. तेल लावायचं ते आदल्या रात्री, आणि सकाळी धुऊन टाकायचं. तेलकट टाळूवर टेप धरत नाही आणि विगच्या जाळीत बसलेलं तेल निघता निघत नाही. डोक्याला लावायचं औषध सुरू असेल तर ते पूर्ण सुकल्याखेरीज टोपी चढवू नका.

केस लांब असतील तर अंबाडा घालून त्यावर विग बसवायचा मोह होतो. मागे टेंगूळ आल्यासारखं दिसतं आणि सगळा ताण त्या गाठीवर येतो. त्याऐवजी दोन सैल वेण्या घाला, त्या मानेलगत आडव्या, चपट्या वळवून दोन-चार साध्या आकड्यांनी धरा. वेणी घालताना कपाळाची कातडी ओढली गेली तर ती घट्ट झाली असं समजा. खांद्यापर्यंतचे केस छोट्या छोट्या बटांची चकती करून डोक्यावर पसरून लावता येतात. त्याने कुठेच फुगवटा राहत नाही. रोज एकाच जागी आकडा लावू नका.

त्यावर पातळ सुती किंवा बांबूच्या धाग्याची टोपी. नायलॉनची स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात ती घालून चिडचिड करणाऱ्या माणसाला कुणी दोष देऊ नये. अशा दोन-तीन टोप्या ठेवा आणि रुमालासारखी रोज धुवा. विग घसरतो अशी तक्रार असेल तर चापाऐवजी मखमली पट्टी वापरा. कपाळापासून मागे बांधायची ही रुंद पट्टी कापडाच्या घर्षणावर विग धरून ठेवते, केसांवर ओढ येऊ देत नाही. विरळ केसांच्या बायकांनी मधल्या भागापुरता लावायचा चापांचा तुकडा, ज्याला टॉपर म्हणतात, तो घेतला तर चापांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बोटभर बदला. एकाच जागी महिनोन्महिने ओढ बसली की तिथली मुळं कायमची जाऊ शकतात. गंगावन रोज घट्ट विणून घालणाऱ्यांनाही हेच लागू.

केमो संपल्यावर नवे केस येऊ लागतात तेव्हा ते लवेसारखे असतात, कधी पूर्वी सरळ असलेले कुरळे येतात. त्यांच्यावर ना टेप, ना चाप, ना मखमली पट्टीचा ताण. मऊ टोपी आणि सैल विग, बस. घरात मोकळं डोकं किंवा सुती रुमाल. रात्री विग घालून झोपू नका, हे सगळ्यांसाठीच. आणि एमआरआयला जाताना विग काढून ठेवा. त्यात चाप किंवा तार असू शकते.

कपाळावरची अर्धी वीत

विगचं सगळं भवितव्य इथे ठरतं. नाटकातला टोप विसाव्या रांगेतून बघायचा असतो. तुमचा विग लिफ्टमध्ये हातभर अंतरावरून बघितला जाणार आहे.

पहिली गोष्ट जागा. भुवईवर आपल्याच हाताची चार बोटं आडवी ठेवा, त्यांच्या वर रेषा आली पाहिजे. घसरेल या भीतीने बहुतेक जण विग पुढे ओढून घालतात आणि कपाळ अर्धं होतं. कानापुढे दोन्ही बाजूंना छोटे कोन असतात, ते सारखे आहेत का हे आरशात बघा आणि आतली पातळ पट्टी बोटाने कानशिलाकडे दाबा, म्हणजे तिथे पोकळी राहत नाही.

मग रेषा. कारखान्यातून आलेल्या लेसवर पुढचे केस सगळे सारख्या दाटीने, दोरी ताणल्यासारख्या ओळीत असतात. खऱ्या कपाळावर कडेचे केस बारीक, तुरळक आणि वाकडेतिकडे उगवतात. म्हणून विग स्टँडवर ठेवून, चांगल्या उजेडात, भुवयांच्या चिमट्याने पुढचे काही केस उपटायचे. अगदी कडेचे नाहीत. कडेपासून गव्हाच्या दाण्याएवढं अंतर सोडून मागचे. इथला एक, तिथला एक. पाच मिनिटं काम करून विग घालून बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मिनिटं. एका बैठकीत सगळं उरकायला गेलात तर टक्कल पडलेला विग हातात येईल आणि त्याला औषध नाही. सिंथेटिक विगवर हे काम न केलेलंच बरं, तिथे दोन-चार बटा कपाळावर उतरवून रेषा झाकणं सोपं.

लेसच्या गाठी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. त्या ब्लीच करणारे कारागीर आहेत, पण ब्लीचने गाठ कमजोर होते आणि केस लवकर सुटतात, त्यामुळे मला ते फारसं पटत नाही. त्यापेक्षा तुमच्या चेहऱ्याच्या रंगाची कॉम्पॅक्ट पावडर छोट्या ब्रशने लेसला आतून आणि भांगात बाहेरून लावा. भांगाची रेघ कापडाची न वाटता टाळूची वाटू लागते. भांग रुळासारखा सरळ नको, कंगव्याच्या टोकाने त्याला किंचित नागमोड द्या. सिंथेटिक केस नवीन असताना चकाकतात. टाल्कम पावडर हातावर घेऊन फुंकर मारा, उरलेल्या पावडरीचा हात केसांवरून फिरवा आणि झटका. फोटोत त्याचा फरक स्पष्ट कळतो. भांगात सिंदूर भरणाऱ्यांनी कोरडा, चिमूटभर भरावा. ओला सिंदूर लेसला कायमचा डाग पाडतो.

साध्या लेस फ्रंट विगचा उंच पोनी किंवा उंच खोपा घालू नका, मागच्या पट्ट्या उघड्या पडतात. मानेलगतचा सैल अंबाडा चालतो, कानावर दोन बटा सोडून. लग्नकार्यात नऊवारीवर खोपाच हवा असेल तर चारही बाजूंनी लेस असलेला विग लागतो, किंवा तेवढ्या दिवसापुरता तयार खोपा पार्लरमधून आणून मागे बसवता येतो. गजरा माळताना पिन लेसमध्ये टोचायची नाही, अंबाड्याच्या केसांत अडकवायची. मोगरा ओला असतो, पाणी झटकूनच माळा. झुमक्यांचे वेल कानापुढच्या लेसमध्ये अडकतात, मंगळसूत्राचे मणी मानेवरच्या केसांत. म्हणून रोजच्या वापराला खांद्याच्या वर राहणारा विगच मी सुचवते. लांब केस मिरवायचे दिवस वेगळे ठेवा.

स्वयंपाकघर, स्कूटर आणि घाम

सिंथेटिक विगचा मोठा शत्रू म्हणजे वाफ. कुकरचं झाकण उघडताना बाई थोडी वाकते, वाफेचा झोत कपाळावर येतो आणि पुढच्या बटा क्षणात आखडून झाडूच्या काड्यांसारख्या होतात. ते वळण परत बसत नाही. ओव्हनचं दार, भाकरीचा तवा, फोडणी, आरतीचं ताट, होळीभोवतीची प्रदक्षिणा, सगळीकडे हाच धोका. घरात काम करताना विग काढून रुमाल बांधावा हे उत्तम. पाहुण्यांसमोर काढणं नको वाटत असेल तर वरून ओढणी घट्ट गुंडाळून घ्या. केस सरळ करायचं यंत्र सिंथेटिकवर तेव्हाच, जेव्हा वेष्टनावर उष्णता चालते असं लिहिलेलं असेल, आणि लिहिलेल्या अंशापलीकडे नाही. मानवी केसांना उष्णता चालते, पण आधी केस पूर्ण सुकलेले हवेत.

दुचाकीवर हेल्मेट आलंच. विगवर सॅटिनचा रुमाल बांधून मग हेल्मेट घाला, काढताना कडा पकडून सरळ वर उचला. प्रवास तासाभराचा असेल तर विग पिशवीत ठेवा, रुमालावर हेल्मेट घाला, आणि ऑफिसच्या वॉशरूममध्ये विग चढवा. हे करणाऱ्या कितीतरी जणी आहेत. उन्हात मोकळ्या डोक्याने फिरायचं झालं तर टाळूलाही सनस्क्रीन लागतं.

चिकटवण्याबद्दल मी कडक आहे. रोजच्या वापराला गोंद नको. कार्यक्रमापुरती टेप हवीच असेल तर तिचा तुकडा कानामागे लावून दोन दिवस बघा, लाली आली तर नाद सोडा. काढताना ओढायचं नाही. टेपसाठीचं द्रावण कापसाने कडेला लावून, ती आपणहून सुटेपर्यंत थांबायचं. नखांसाठीचं असिटोन टाळूवर कधीच नको. पुरुषांसाठी जाहिरातीत दिसणारे हेअर पॅच बहुतेकदा डोक्याचा तेवढा भाग भादरून त्यावर गोंदाने बसवतात आणि काही आठवड्यांनी काढून, साफ करून पुन्हा चिकटवतात. आतल्या घामाला तोवर वाट नसते. केस अजून जात असतील, म्हणजे टाळूवर थोडे तरी असतील, तर चाप किंवा टेपचा, रोज रात्री काढता येणारा पॅच घ्या. भादरण्याची घाई दुकानदाराला असते.

टाळू लाल झाली, खाज थांबेना, वास येऊ लागला किंवा पू धरला तर विग बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्याचा विग कितीही जवळच्या माणसाचा असला तरी घालू नका.

धुणं आणि ठेवणं

मानवी केसांचा विग साधारण सात ते दहा वेळा घातल्यावर, सिंथेटिक दहा ते पंधरा वेळा घातल्यावर धुवा. एप्रिल-मे महिन्यात आणि घाम येणाऱ्यांना याहून लवकर. आधी कोरडा विंचरा, टोकांपासून सुरुवात करून वर जात. मोठ्या दातांचा कंगवा घ्या. बारीक फणी विगच्या वाटेला नको. बादलीत थंड किंवा जेमतेम कोमट पाणी, त्यात सौम्य शाम्पूचा चमचाभर. विग बुडवा, हलवा, चोळू नका. शिकेकाई, रिठ्याचे कण गाठींमध्ये बसतात, ती आपल्या डोक्यासाठी राखा. कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना लावलं तर गाठी सैल होतात. पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं आणि हवा खेळेल अशा स्टँडवर सावलीत सुकवायचं. थर्मोकोलच्या डोक्यावर ओला विग ताणून बसवला तर माप वाढतं. कुरळा सिंथेटिक विग ओला असताना विंचरू नका, बोटांनीच सोडवा.

कपाटात ठेवताना पावसाळ्याचा विचार करा. नीट सुकलेला विग, आत मऊ कागद, सुती पिशवी आणि सिलिका जेलच्या एक-दोन पुड्या. डांबराच्या गोळ्यांचा वास केसांत मुरतो आणि दिवसभर नाकाशी राहतो, त्या नकोत.

लेसची कड उसवू लागली, मागच्या केसांचे गुंते धुऊनही सुटेनात, की त्या विगची बाहेरची नोकरी संपली असं धरा. तो फेकू नका. मागची गुंतलेली टोकं बोटभर कापून टाका आणि घरात, बाजारात, पावसात आणि रंगपंचमीला तोच वापरा. नव्याचं आयुष्य तेवढंच वाढतं.